सांगून दुखवणारा माणूस

जळीत वॉर्डातला माणूस आधी ट्रॉलीच्या चाकाला घाबरतो. चिमट्याला, कापसाला, औषधाला तो नंतर घाबरतो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, भाऊंनी शिकवलं, आणि तेही चांगलंच झापून.

मी दर्यापूरची. नर्सिंगचा कोर्स करून अकोल्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले होते. तो दवाखाना आता बंद पडलाय, तिथे मोटारींचं शोरूम झालंय असं ऐकते. कपड्यांना कडक इस्त्री, मान त्याहून कडक, अशी मी. वॉर्डात ड्रेसिंगची जुनी लोखंडी ट्रॉली होती, तिचं एक चाक कुई कुई करायचं. पहिल्याच आठवड्यात मी तेलाची बाटली घेऊन चाकापाशी उकिडवी बसले. मागून एक हात आला आणि बाटली काढून घेतली.

"काय करून राहिल्या सिस्टरबाई?"

"किती आवाज येतो भाऊ. पेशंट दचकतात."

"दचकू द्या. थो आवाज मीच ठेवला हाय. तेल टाकाचं नाई."

भाऊ म्हणजे वॉर्डातले ड्रेसर. पट्ट्या सोडायच्या, जखमा धुवायच्या, पुन्हा बांधायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण जेमतेम, गाव अकोटकडचं, वय तेव्हा पन्नाशीचं. उंच, वाळलेला माणूस. कान मोठे. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे आणि ते सगळ्यांशी सारख्याच आवाजात बोलायचे, त्यामुळे डॉक्टरांचं त्यांच्याशी फारसं जमायचं नाही.

तेलाची हकिकत त्यांनी मला नंतर चहा पिताना सांगितली. आवाजाने माणसं घाबरतात हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. ट्रॉली लांबून कुईकुई करत निघाली की अर्धा वॉर्ड कण्हायला लागायचा, पट्टीला हात लागायच्या आधीच. म्हणून त्यांनी एकदा चाकाला तेल घातलं. ट्रॉली मुकाट्याने येऊ लागली. आणि आठ दिवसांत वॉर्डाची झोप उडाली. कारण आता ट्रॉली कधी येईल हेच कळेना. पंख्याचा आवाज झाला तरी माणसं वळून बघायची. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या बायकोकडेसुद्धा लोक आधी भेदरून बघायचे.

"आधी लोकं अर्धा घंटा भ्यायचे," भाऊ म्हणाले. "मी तेल टाकलं अन् दिवसभर भ्याले लागले. म्हनून तेल पुसून काढलं बापा. घासलेट लावून."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दुखणार असेल तर आधी कळलं पाहिजे, आणि कळलं नसेल तर दुखताच कामा नये. दुसरा भाग त्यांना पहिल्यापेक्षा मोठा वाटायचा. आवाज झाला नाही, म्हणजे आत्ता कोणी अंगाला हात लावणार नाही, खुशाल झोपा, चहा प्या, पत्ते खेळा. कुईकुई ऐकून माणसं कण्हायची, पण एरवीचे साडेतेवीस तास ती माणसं माणसांसारखी राहायची. मला त्या वयात हे सगळं खुळचट वाटलं. मी हो हो केलं आणि मनात म्हटलं, ह्या माणसाला कोणीतरी जरा शिकवायला हवं.

त्यांच्या तऱ्हा अशा किती सांगाव्यात. पेशंटच्या खाटेवर ते कधी ड्रेसिंग करत नसत. खाट झोपायची आहे, म्हणायचे. कोपऱ्यात हिरव्या पडद्यामागे एक बाकडं होतं, चालता येईल त्याने तिथे यायचं. ज्याला उठताच येत नसे त्याच्या खाटेवर ते स्वतःची एक निळी चादर अंथरायचे, काम झालं की लगेच घडी करून न्यायचे. चादर गेली की खाट पुन्हा झोपायची झाली. ती चादर ते स्वतः धुवायचे, धोब्याला देत नसत.

आणि ते कधी "लागणार नाही" म्हणाले नाहीत. आम्ही सगळ्या दिवसातून पन्नास वेळा म्हणायचो. सुई हातात घेऊन "काही नाही, मुंगी चावल्यासारखं" हे तर आम्हाला कॉलेजपासून पाठ. भाऊ म्हणायचे, "आता लागन. लय लागन. तीन मोजतो. तीन झाले का मी हात काढून घेतो, मंग तुमी श्वास घ्या." आणि तीनला हात काढायचे म्हणजे काढायचे, पट्टी अर्धी निघालेली असली तरी. डॉक्टर तिथे उभे राहून घड्याळ बघत असले तरी.

घरीही हेच. त्यांची बायको, आमच्या वहिनी, कधी डबा घेऊन यायच्या तेव्हा सांगायच्या, "भांडाचं असन तरी हा मानूस आधी सांगते, मी आता भांडून राहिलो म्हनून. मंग भांडन कायचं होते बाई, हासूच येते." सांगताना वहिनी पदराने तोंड झाकून हसायच्या आणि भाऊ डब्यातली ज्वारीची भाकर कुस्करत गंभीर चेहऱ्याने बसायचे.

बरे होऊन गेलेल्या पेशंटच्या घरची लग्नं, बारशी, वास्तू ते एकही चुकवत नसत. पत्रिका आली नाही तरी जायचे. मी एकदा छेडलं, "भाऊ, फुकटचं जेवायला जाता काय?" ते म्हणाले, "तोंड धुवाले जातो." मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. आपला चेहरा त्या माणसाच्या डोक्यात आगीसारखा बसलेला असतो. रस्त्यात दिसलो तरी त्याच्या अंगात कळ जाते. म्हणून त्याच्यासमोर जायचं, जेवायचं, वरण मागायचं, पोराबाळांची चौकशी करायची आणि काहीएक न करता परत यायचं. पुन्हा जायचं. दहा-बारा वेळा गेलं की तोंड स्वच्छ होतं. त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला हसूही आलं नाही.

दोन-तीन वर्षांनी कुणा एका दानशूर माणसाने दवाखान्याला नवी ट्रॉली दिली. स्टीलची, रबरी चाकांची, मांजरासारखी चालणारी. फोटो निघाले, नारळ फुटला. भाऊ सगळ्यांच्या मागे चिंतातुर उभे. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाहून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी आणली आणि ट्रॉलीच्या दांडीला सुतळीने बांधली. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि बघतच राहिले. "हे काय? बैलगाडी आहे का ही?" भाऊ म्हणाले, "हाय ना." घंटी राहिली. तिचा आवाज गोड होता आणि लांबवर जायचा. आठवडाभरात वॉर्ड तिला सरावला. घंटी वाजली की माणसं ताठ व्हायची, घंटी थांबली की सैल व्हायची. भाऊ खूष होते. मीही मनातल्या मनात कबूल केलं की माणसात काहीतरी आहे.

मग पोळा आला.

आमचा दवाखाना शहराच्या टोकाला होता, पलीकडे लगेच शेतं आणि एक जुनी वस्ती. वॉर्डात बहुतेक शेतातली माणसं. चार नंबरच्या खाटेवर एक म्हातारा होता, दोन्ही पाय भाजलेला. तो आठ दिवस आधीपासून पोळ्याच्या गोष्टी करत होता. त्याच्या जोडीच्या शिंगांना काय रंग लावायचा, कोणती झूल घालायची, तोरणाखाली कोणाचा बैल आधी उभा राहतो. मिरवणूक खिडकीखालून जाते म्हटल्यावर त्याने आपली खाट खिडकीपाशी सरकवून घेतली होती. भाऊंनी सगळ्यांसाठी घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या. दुपार उलटल्यावर वस्तीकडून बैल निघाले.

आधी लांबून एक घंटी आली, मग दहा, मग सगळ्याच. इतका सुंदर आवाज. आणि आमचा वॉर्ड एकदम गप्प झाला. मी बघितलं तर कोणी चादर डोक्यावर ओढतंय, कोणी खाटेची दांडी धरलीय, एक बाई भिंतीकडे सरकतेय. म्हाताऱ्याने खिडकीकडे पाठ फिरवली होती. तो हात जोडून म्हणत होता, "आज नाई रे बापा, आज सनाच्या दिशी नको." खाली बैल चालले होते, पोरं ओरडत होती, आणि हा जन्मभर बैलांत राहिलेला माणूस घंटीला हात जोडत होता.

भाऊ पोळीचा डबा हातात धरून दारात उभे होते. त्यांनी डबा ठेवला, ट्रॉलीपाशी गेले आणि सुतळी दातांनी तोडली. मग बाकड्यावर जाऊन बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "मी त्याचा पोया नासवला सिस्टरबाई. घरून आनून नासवला." आणि तो उंच माणूस ढसाढसा रडला. माझं वय तेव्हा चोवीस-पंचवीस, मोठ्या पुरुषाला रडताना बघायची सवय नव्हती. मी आत जाऊन उगाच रजिस्टर उघडून बसले.

पुढच्या वर्षी भाऊंनी पोळ्याला रजा टाकली आणि त्या म्हाताऱ्याच्या गावी जाऊन त्याच्या बैलांपाशी दिवसभर उभे राहिले. म्हातारा आधी घराबाहेर येईना. संध्याकाळी येऊन बैलांच्या पाठीवर हात ठेवून गेला. भाऊ त्याच्या पुढच्या वर्षीही गेले.

घंटी गेली, पण काहीतरी खूण तर हवी होती. आता भाऊंना नवी चिंता लागली. ज्या आवाजाची खूण करू, तो आवाज माणसाच्या आयुष्यातून उठणार. थाळीवर चमचा वाजवला तर जेवण जाईल. शिट्टी वाजवली तर एसटीत बसताना घाम फुटेल. देवळाच्या घंटेचं तर नावच नको. रेडिओवरची गाणी नको, सायकलची घंटी नको. "कोनाच्याच घरी नसन असा आवाज पायजे," असं म्हणत ते पंधरा दिवस फिरले. भंगारवाल्याकडून लोखंडाचे तुकडे आणून वाजवून बघितले. शेवटी एके सकाळी वॉर्डाच्या दारात उभे राहून त्यांनी मोठ्याने हाक दिली, "टुंबराक!"

सगळे बघायला लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "ह्याचा अर्थ काय?" भाऊ म्हणाले, "काहीच नाई. म्हनूनच तं घेतला."

त्यांनी हा शब्द स्वतः बनवला होता. घरी वहिनींना, शेजारच्यांना, चौकातल्या पानवाल्याला विचारून खात्री करून घेतली होती की हा कोणाच्या भाषेत नाही, कोणाच्या गावाचं, देवाचं, आडनावाचं नाव नाही. माणूस दवाखान्यातून बाहेर पडला की हा शब्द त्याला जन्मात पुन्हा ऐकू येणार नाही. तेव्हापासून आमच्या वॉर्डात टुंबराक झाल्याशिवाय कोणाच्या जखमेला हात लागला नाही. आणि दिवसभर कोणी तो शब्द चेष्टेतही उच्चारत नसे. एकदा एका वॉर्डबॉयने गंमत म्हणून उच्चारला, तर भाऊंनी त्याला आधी सांगून मग कानफटात मारली.

आता एका बाईचं सांगते. खरं तर तिचंच सांगायचं होतं, भाऊंच्या तऱ्हा सांगत मी वेळ काढला.

ती पातूरजवळच्या एका खेड्यातली, माळ्याच्या घरची. शेवंती आणि झेंडूचा मळा. वय तिशीचं, बोलकी, हसरी, दात थोडे पुढे. नात्यातल्या लग्नात बुंदीची कढई कलंडली आणि तिचा उजवा हात तेलात गेला. हात वाचला, जखम भरत आली, पण भाजलेली चामडी भरताना आखडते. बोटं रोज उघडली नाहीत तर ती तळव्याकडे ओढली जातात आणि मूठ मिटते ती कायमची. तिची तीन बोटं हळूहळू सुटत होती, अनामिका हटून बसली होती. आणि तिचं सगळं काम बोटांचं. हार गुंफायचे, गजरे बांधायचे. "चाय उकळेपावतर माह्या हातचा गजरा होते बाई," असं ती मला सांगायची आणि डाव्या हाताने हवेत बांधून दाखवायची. हात मिटला तर घरात तिला नुसतं बसून राहावं लागणार होतं, हे ती हसत सांगायची, पण सांगायची रोज.

तिचा नवरा सकाळच्या गाडीने फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचा आणि जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर शेवंती तिच्यासाठी ठेवून जायचा. भाऊ रोज दारातून हाक द्यायचे, ती हिरव्या पडद्यामागे जायची, भाऊ तीन मोजत बोट उघडायचे, थांबायचे, पुन्हा मोजायचे. ती ओरडायची, रडायची आणि नंतर व्हरांड्यात येऊन बसली की पुन्हा बोलकी. दुपारी मला मोकळा वेळ असला की मी तिच्याशेजारी बसायची. ती शेवंतीचे देठ डाव्या हाताने धरून उजव्या बोटांत अडकवून बघायची. ते तिचं स्वतःचं चाललं होतं, कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही अशाच बसलो होतो. ती मला पहिल्यांदा सासरी आल्यावर सासूने फुलं तोडायला नेलं त्याची गोष्ट सांगत होती. मी तिचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला होता, हातात शेवंती. मोठे डॉक्टर मागून आले. ते दुष्ट नव्हते, दमलेले होते, आणि अनामिका अजून उघडत नाही म्हणून त्यांना भाऊंचा हा सगळा सोहळा नकोसा झाला होता. तिच्या पाठीमागे उभे राहून त्यांनी मला बोटाने खूण केली. लक्ष नाही तोवर उघडून टाक.

मी उघडलं. कॉलेजात हेच शिकवलेलं होतं, बोलण्यात गुंतवा आणि काम उरकून घ्या. बोट सरळ झालं, चामडी तडकली, रक्ताचा एक थेंब त्या पांढऱ्या शेवंतीवर पडला. डॉक्टर म्हणाले, "बघा, उघडलं की नाही," आणि पुढे गेले.

ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी तं माह्यासंग बोलून राहिल्या होत्या ना बाई."

मी पट्टी आणते म्हणून उठले.

त्यानंतर तिला झोप लागेना. माझ्या चपलांचा आवाज आला की ती उठून बसायची. कोणी शेजारी येऊन बोलायला लागलं की हात पाठीमागे न्यायची. मी नुसतं "जेवलात का" विचारलं तरी तिला दरदरून घाम यायचा. दुसऱ्या सकाळी नवरा पुडी घेऊन आला, त्याने ती उघडली मात्र, तिने तोंड फिरवलं. "भाईर ने. वास नको." त्याला वाटलं तिला मळमळतंय. मला माहीत होतं कशाने.

भाऊंनी विचारलं, "कोनी केलं?" मी सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, मी आता रागावून राहिलो. ते नुसते माझ्याकडे बघून निघून गेले. त्या माणसाने मला न सांगता दुखवलं ते एकदाच.

दोन दिवसांनी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "बोट तं उघडलं असन बाई. पन आता थे फुलाले भिते. तिचं घर फुलावर हाय."

"मग काय करू मी?"

"मले इच्यार करू द्या."

विचार व्हायच्या आत ती गेली. डॉक्टरांच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवून, स्वतःच्या जबाबदारीवर. बोटं पुन्हा मिटायला लागलेली होती.

भाऊंची सुट्टी गुरुवारी असायची. पुढचे किती तरी गुरुवार ते पातूरच्या गाडीत बसले. आल्यावर मला थोडक्यात सांगायचे. पहिले दोन गुरुवार ती खोलीबाहेर आलीच नाही. भाऊ अंगणात सासूजवळ बसून देठांची पानं खुडत राहिले, चहा पिऊन परत आले. मग ती दारात बसू लागली. मग फुलांच्या ढिगापासून पाच हात. भाऊ तिच्या हाताकडे बघतसुद्धा नसत. दीड महिन्याने ती स्वतः म्हणाली, भाऊ, हात पाहा. तेव्हा त्यांनी एक नवी गोष्ट केली. टुंबराक म्हणायचं ते तिनेच. ती म्हणेल तेव्हाच बोटाला हात लागेल, आणि ती म्हणाली नाही तर ते चहा पिऊन जातील. "कधी म्हनते, कधी नाई म्हनत," भाऊ सांगायचे. "नाई म्हनली त्या दिशी जास्त गप्पा होतात."

एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. फाटकाशी तिने मला बघितलं आणि तिचा हात पदराखाली गेला. बाकी सगळं नीट केलं तिने. "या बाई, बसा," म्हणाली, बाज टाकली, पाणी आणलं, डाव्या हाताने. माझ्या आईची चौकशी केली. पण मी बसले होते तो सगळा वेळ पदर थरथरत होता. माफीचा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. निघाला असता तरी पदर थांबला नसता.

पातूरच्या स्टँडवर मी रडले. भाऊ शेंगा खात शेजारी बसले होते. रडू दिलं, मग म्हणाले, "आता पुढच्या गुरुवारी यान. मंग त्याच्या पुढच्या. काही बोलू नका, माफी-बिफी तं नकोच. नुसतं बसान, चाय पेऊन परत. पंधरा-वीस डाव तुमी काही न करता दिसल्या का तुमचं तोंड नुसतं तोंड होईन."

"आणि तोवर दर वेळी तिला असं होणार?"

"होईन. तुमालेबी होईन. तिले कमी कमी होत जाईन."

मी हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी माझी ड्युटी होती, म्हणजे मी ती मागून घेतली. त्याच्या पुढच्या गुरुवारी डोकं दुखत होतं, खरंच दुखत होतं, सकाळी गुरुवार आहे हे आठवल्याबरोबर दुखायला लागलं. मग दिवाळी आली, मग माझं लग्न ठरलं, मग अमरावतीला नोकरी लागली. भाऊंचा फोन यायचा, रिटायर झाल्यावरही यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचे, "मंग, कधी येता पातूरले?" येते ना भाऊ, म्हणायचे मी. काही वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, ह्याची लाज अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. तेरवीला अकोटकडे अर्धी पंगत त्यांनी पट्ट्या बांधलेल्या माणसांची होती असं वहिनींनी फोनवर सांगितलं. ज्या तोंडाला घाबरायचे त्या तोंडासाठी लोक रडत होते. पातूरची फुलवालीही आली होती म्हणाल्या. ती येणार हे मला आधीच वाटलं होतं, म्हणून मी गेले नव्हते. वहिनींना सांगितलं, ड्युटी होती.

मी आता इन्चार्ज आहे. पायांच्या शिरा सुजतात, दुपारनंतर खुर्ची सोडवत नाही. नव्या मुलींना सांगते, बायांनो, आधी सांगा, खोटं बोलू नका. त्या हो म्हणतात आणि पाठ वळली की सुई हातात घेऊन "काही नाही काकू, लागणार नाही." मी ऐकते. पूर्वी उठून जायचे आणि रागवायचे. आता एवढी शक्ती नाही, आणि रागवायचा हक्क कुठून आणू, हाही प्रश्न असतोच.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या बाजारात भाजी घ्यायला गेले होते. दसऱ्याला पातूरकडची फुलं इथवर येतात. रस्त्याच्या कडेला फुलांचे ढीग लावून बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात ती होती. केस पांढरे झालेले, दात तेच. समोर झेंडू, बाजूला टोपलीत पांढरी शेवंती. हार गुंफत होती. दोन्ही हातांनी. मी कांदेवाल्याच्या मागे उभी राहून तिचा उजवा हात बघत राहिले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी, सगळी चालत होती, भरभर. अनामिका तळव्यात वाकलेलीच होती. तिला सांभाळून बाकीची बोटं दोरा ओढत होती. शेजारणीने काहीतरी विनोद केला, ती हसली आणि मूठभर शेवंती तिच्या अंगावर उधळली.

आमच्यात वीस पावलं असतील. दोन हार घ्यायचे, पैसे द्यायचे, निघायचं, दुसरं काही करायचं नाही. पंधरा-वीसमधली ही एक वेळ झाली असती. उद्या दसरा, उद्याही येता आलं असतं. मी स्वतःशी तीनपर्यंत मोजलंसुद्धा. ती फुलाला भीत नव्हती, आणि कोण जाणे, कदाचित मलाही भ्यायली नसती. मी तिच्या पदराकडे बघत होते. तेवढ्यात तिने मान वर केली, गिऱ्हाईक बघायला असेल, आणि मी कांद्याच्या पोत्याआड खाली वाकले. कांदेवाला म्हणाला, "किती देऊ काकू?" मी म्हटलं, अर्धा किलो. घरी कांदे होते.

आता मी भाजीला त्या बाजारात जात नाही. दुसरा बाजार लांब पडतो, रिक्षा करावी लागते, भाजीही शिळी असते.